कुटाचा डबा

शुक्रवारी दुपारी सांगलीहून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तासाभरात बायको बॅग भरून दारात उभी राहिली. आईच्या काळजीनं तिचा चेहरा उतरला होता, पण जाताना सूचना दिल्या त्या सगळ्या आमच्या घरी उतरलेल्या मुलीबद्दल.

"अहो, मी असते तर गोष्ट वेगळी होती. दोन दिवस तिला बाहेरचं काही देऊ नका. आणि विचारायला लाजू नका. तुम्ही लाजता."

"नाही लाजत," मी म्हणालो.

रिक्षात बसल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "परक्याची पोर आहे."

ही पोर जर्मनीची. सोळा वर्षांची. आमच्या लेकीनं अकरावीला जर्मन घेतलं होतं आणि कॉलेजच्या अदलाबदलीच्या कार्यक्रमात ही मुलगी महिनाभर आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती. येण्याआधी तिचा एक फॉर्म आला होता. आवडीनिवडी, छंद, झोपायची वेळ, आणि खाली जाड अक्षरात, शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी. चिमूटभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो, जीव जाऊ शकतो.

तो फॉर्म वाचेपर्यंत आपल्या घरात शेंगदाणा किती ठिकाणी असतो हे मला माहीत नव्हतं. बायकोनं स्वयंपाकघर उपसलं तेव्हा कळलं. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीत कूट, चटणी तर त्याचीच. तेलाचा डबा बदलला, मिक्सरची भांडी नवी आणली, पोळपाटसुद्धा बदलला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगून ठेवलं की वाटीतून काही पाठवू नका. त्यांना राग आला तो अजून गेलेला नाही.

त्या मुलीकडे दोन इंजेक्शनं होती. जाड मार्कर पेनासारखी, एका टोकाला टोपण. मांडीवर बाहेरच्या बाजूनं दाबायचं, सुई आपोआप आत जाते, कपड्यांवरूनही चालतं. बायकोनं ते कसं द्यायचं ते पहिल्याच दिवशी शिकून घेतलं. मीही शिकलो, म्हणजे व्हिडिओ पाहिला. शुक्रवारी रात्री पुन्हा पाहिला, आणि शनिवारी पहाटे पुन्हा. खराडीच्या ऑफिसात माझं कामच मुळी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचे मला पैसे मिळतात. पण तिथे बिघडलं तर कुणी निळं पडत नाही.

शनिवारी सकाळी मी पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली आणि तिघांचा डबा भरला. पुणं दाखवायचं तर पर्वतीपासून सुरुवात करायची असं लेकीनं ठरवलं होतं. मुलगी आनंदात होती. पायऱ्या मोजत, फोटो काढत वर चढत होती. मी दोन पायऱ्या मागे, खांद्याला तिची छोटी बॅग. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात इंजेक्शनं. दर थोड्या वेळानं मी हात लावून ती चाचपून बघत होतो.

अर्ध्या वाटेत एक कुटुंब कागदाच्या पुड्यांतून भाजलेल्या शेंगा खात बसलं होतं. टरफलं पायरीभर पसरली होती. वाऱ्यानं त्यातली लाल सालं उडत होती. मी मुलीचा दंड धरून तिला झटक्यानं बाजूला ओढलं. ती दचकली. लेक माझ्यावर उखडली.

"बाबा! हवेतून काही होत नाही तिला. खाल्लं तरच. तिनं शंभर वेळा सांगितलंय."

"एखादवेळी होत असेल."

"तू तिला बिचारी करून टाकतोयस."

मुलगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, ओके. ओके." हे तिनं मला धीर द्यायला म्हटलं हे मला कळत होतं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. तरी उतरताना मी मुद्दाम दुसऱ्या कडेनं उतरलो आणि दोघींनाही तसंच उतरायला लावलं. त्या दिवशी तुळशीबागेत तिनं कानातली घेतली, एक कुंकवाचा करंडा घेतला, आणि खाण्याच्या प्रत्येक गाडीसमोरून मी दोघींना मेंढरं हाकावीत तसं पुढे हाकलं. डबा आम्ही एका झाडाखालच्या बाकावर बसून खाल्ला. घरी आलो तेव्हा माझी मान आखडली होती.

रविवारी लेकीच्या जर्मनच्या बाईंकडे जायचं होतं. सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, पण शिकवणी अजून चालू. लेक त्यांच्याकडे दोन वर्षं जाते आणि त्यांचा शब्द आमच्या घरी माझ्या शब्दाहून जड आहे. मुलीशी तिच्या भाषेत बोलायला मिळेल म्हणून त्यांनी आग्रहानं नाश्त्याला बोलावलं होतं. बायकोला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "बाई काटेकोर आहेत, तरी विचारा."

मी मूळचा अमरावतीकडचा. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, पण सदाशिव पेठेतल्या दारावरची बेल दाबताना अजून माझी जीभ जड होते. काय बोलू आणि कशाला कुठलं उत्तर मिळेल, सांगता येत नाही. बाईंनी दार उघडलं. चपला कुठे काढायच्या ते सांगितलं. मी आत शिरता शिरताच सुरुवात केली, "बाई, ते दाण्याचं जरा..."

"अहो, तुमच्या मुलीनं मला तीनदा सांगितलंय. दोनदा मराठीत, एकदा जर्मनमध्ये. मला तिन्ही वेळा समजलं."

लेकीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी खुर्चीत बसून टाकलं.

बाई मग मुलीशी बोलायला लागल्या, आणि ती मुलगी एकदम खुलली. दहा दिवस ती आमच्याशी मोडक्या इंग्रजीत, जपून, अर्धं गिळून बोलत होती. इथे तिचे शब्द भराभर यायला लागले. हात हलवून सांगत होती, मध्येच हसत होती, लेकीचं व्याकरण सुधारत होती. बाई तर दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. खिडकीतून ऊन येत होतं. मला वाटलं, बरं झालं आणलं हिला. दोन दिवसांत पहिल्यांदाच माझे खांदे खाली आले.

बाईंनी घावनं केली होती. "फक्त तांदळाची आहेत," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि चटणी ओल्या खोबऱ्याची. मी स्वतः खाणार नाही, आज संकष्टी आहे."

संकष्टी. मला माहीतच नव्हतं. बायको असती तर तिला कॅलेंडर न बघता ठाऊक असतं.

हात धुवायला मी स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी गेलो. ओट्यावर मिक्सर होता. त्याच्या शेजारी स्टीलचा एक डबा, झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आत चमचा खोचलेला. डब्यात कूट होतं. गॅसवर झाकलेल्या पातेल्यात साबुदाण्याची खिचडी असणार, बाईंच्या उपासाची. मिक्सरचं भांडं एकच होतं, धुऊन ओट्यावर उपडं घातलेलं. त्याच्या कडेवरून अजून पाणी ओघळत होतं.

मी तिथे उभा राहिलो. नळ चालू होता. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सगळं एका क्षणात कळलं. सकाळी कूट याच भांड्यात केलं असेल, मग भांडं धुतलं असेल, मग त्यातच चटणी वाटली असेल. पात्याच्या खालच्या रबराच्या खाचेत काय अडकतं ते बायकोनं मला दाखवलं होतं, म्हणूनच तर आम्ही नवी भांडी आणली. फक्त एवढं विचारायचं होतं, बाई, चटणी याच भांड्यात वाटली का?

बाहेरून बाईंचा आवाज आला, "टॉवेल उजवीकडे आहे. स्वच्छ आहे."

मी हात पुसले आणि बाहेर आलो.

भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्यापुरती भीक पत्करली असती मी. इथे ताट दुसऱ्याचं होतं. मुलीनं तोवर पहिला घास चटणीत बुडवून तोंडात टाकला होता. मी मनाशी म्हटलं, धुतलेलं आहे. बाई काटेकोर आहेत. काल पायरीवर तू उगाच तमाशा केलास, आज नको.

दुसरं घावन वाढेपर्यंत काही झालं नाही. मग बोलता बोलता मुलीनं खालच्या ओठाला बोट लावलं. पुन्हा लावलं. घसा खाकरला. बाईंना वाटलं मिरची लागली, त्यांनी पाण्याचं भांडं पुढे केलं. मुलीनं ते घेतलं नाही. ती लेकीकडे वळून दोनच शब्द बोलली, आणि लेकीचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, इंजेक्शन."

मी बॅग उघडली. आश्चर्य म्हणजे हात बरोबर त्याच कप्प्यात गेला. मी ते बाहेर काढलं, टोपण काढलं. मुलीच्या मानेवर तांबूस गांधी उठत होत्या, बघता बघता एकीला एक मिळत होत्या. ओठ सुजून तिचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी दिसायला लागला होता. ती श्वास घेत होती त्याचा शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो, इंजेक्शन मुठीत धरलं, आणि तिथेच थांबलो. कुठलं टोक खाली? व्हिडिओत हात कुणाचा होता, कुठून आला होता, काही आठवेना. माझी मूठ तिच्या मांडीपासून वीतभर अंतरावर होती आणि ती पुढे जाईना.

"बाबा!" लेक ओरडली.

मुलीनंच माझ्या बोटांतून ते काढून घेतलं. उलटं फिरवलं. मी उलटं धरलं होतं. जीन्सवरून मांडीवर टेकवलं आणि पूर्ण जोर लावून दाबलं. टक असा आवाज आला. ती डोळे मिटून, शिट्टी वाजणाऱ्या श्वासात, आपल्या भाषेत दहापर्यंत आकडे मोजत होती. सहाच्या पुढे तिला बोलता येईना, तेव्हा उरलेले लेकीनं मोजले.

बाई अनवाणीच जिन्यात धावल्या. रविवार होता, खालचा दवाखाना बंद. पण त्यांचा आवाज आयुष्यभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला. पहिल्या मजल्यावरचे दोघे जण धावत वर आले. मुलीला चालू द्यायचं नाही एवढं लेकीला माहीत होतं. त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट तिला त्या अरुंद जिन्यावरून खाली आणलं. मी मागे बॅग घेऊन. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं कुठे जायचं म्हणून विचारलं नाही, मुलीकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली.

तो रस्ता किती मिनिटांचा होता हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगी मध्ये, पुढे वाकून बसलेली, तिच्या पाठीवर लेकीचा हात. माझ्या मांडीवर दुसरं इंजेक्शन. मी फक्त तो आवाज ऐकत होतो. शिट्टी वाईट होती, पण शिट्टी म्हणजे हवा जातेय. एका चौकात सिग्नलला पुढे बस आडवी आली आणि त्या हॉर्नांच्या गोंधळात मला आवाज ऐकू येईना. मी माझा कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं माझा शर्ट मुठीत पकडला होता. कधी पकडला, मला कळलंही नव्हतं.

हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं. मला खिडकीवर फॉर्म भरायला पाठवलं.

"पेशंट तुमची कोण?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"पाहुणी."

"पाहुणी असं नातं नाहीये यात."

मी पेन धरून तसाच उभा. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून फॉर्म घेतला, काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बसा तिकडे. पाणी प्या आधी."

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन वेळेवर दिलं म्हणून निभावलं, म्हणाले. सूज उतरतेय, पण काही तासांनी पुन्हा उसळू शकते, तेव्हा उद्या सकाळपर्यंत ठेवून घेऊ. "तुम्हीच दिलंत का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं. लेक माझ्या शेजारी होती.

बाई दुसऱ्या रिक्षानं मागोमाग आल्या होत्या. पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला होत्या. बाकावर माझ्या शेजारी बसल्या, बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"भांडं मी स्वतः घासलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा घासलं."

"हो बाई."

"तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा डबा उघडा होता का हो?"

खोटं बोलता आलं असतं. "होता," मी म्हणालो.

"पाहिलात तुम्ही?"

"पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा अपमान होईल असं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "करायचा होतात," त्या म्हणाल्या. "मी काय, उत्तर दिलं असतं एखादं. दुसरं काय झालं असतं?" आणि मग तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. इतक्या ताठ बाईला रडताना बघून लेक घाबरली आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

मुलीच्या आईला फोन करायचा होता. कॉलेजात हा कार्यक्रम बघणाऱ्या मॅडम फोनवर म्हणाल्या, मी करते. लेक म्हणाली, मी जर्मनमध्ये सांगते. मी म्हटलं, नको, मीच करतो. तिथे सकाळ होती. त्या बाईंनी फोन उचलला तो हसऱ्या आवाजात, त्यांना वाटलं, मुलगी कुठे कुठे फिरली ते सांगायला केलाय. मी सगळ्यात आधी म्हणालो, ती बरी आहे. मग बाकीचं सांगितलं. इंजेक्शन तिनं स्वतः घेतलं हे सांगितलं. मला देता आलं नाही हे सांगितलं. आणि थांबावं असं वाटत असताना डब्याचंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तुम्ही विचारलं का नाही?"

भीड या शब्दाला मला इंग्रजीत काही सापडेना. "आय फेल्ट शाय," मी म्हणालो.

"शाय," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या एका शब्दात मी किती लहान झालो ते मलाच माहीत. मग त्यांनी इंजेक्शन किती वाजता दिलं ते विचारलं, डॉक्टरांशी बोलायचंय म्हणाल्या, शेवटी मुलीशी. मी फोन लेकीच्या हाती आत पाठवला आणि काचेतून बघत राहिलो. मुलगी फोन कानाला लावून आधी रडली, आणि मग, सुजलेल्या ओठांनी, काहीतरी सांगून थोडीशी हसली. ती आईला काय म्हणाली ते लेकीनं मला नंतर सांगितलं. आत्तापर्यंत सरावाला रिकामी इंजेक्शनंच वापरली होती, खरं पहिल्यांदाच घेतलं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं.

सोमवारी सकाळी ती घरी आली. संध्याकाळी बायको सांगलीहून परतली, तिच्या आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाली, "मी म्हटलं होतं तुम्हाला." ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दोन दिवसांनी जर्मनीहून आईचा मेसेज आला. मुलीला दुसऱ्या घरी हलवायचं त्यांच्या मनात होतं, पण मुलगी तुमच्याकडेच राहायचं म्हणते, तेव्हा राहू दे. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, कृपा करून विचारत जा. मी 'हो' एवढंच उत्तर पाठवलं, आणि ते पाठवायलाही मला अर्धा तास लागला.

पुढच्या शनिवारी तिला पुन्हा बाहेर जायचं होतं. मी नको म्हणालो. बायको म्हणाली, जाऊ दे, आणि तुम्हीच न्या. उन्हं चढली होती, मुलीनं उसाचा रस प्यायचा हट्ट धरला. मी गुऱ्हाळवाल्याला विचारलं, रसात काय काय घालता. ऊस, आलं, लिंबू. दुसरं काही? नाही. चरकात दुसरं काही पिळता? रांगेतले लोक बघायला लागले. गुऱ्हाळवाला म्हणाला, "साहेब, चरकात दुसरं काय पिळणार?" मागून कुणीतरी हसलं. माझे कान तापले, पण मी ग्लास धुवायची जागाही बघून घेतली, आणि मगच दोन ग्लास लेकीला आणि तिला दिले.

ती प्यायला लागली आणि मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. प्रत्येक घोट खाली जाताना दिसत होता.

"बाबा, असं बघू नकोस ना तिच्याकडे," लेक हळूच म्हणाली.

मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. बॅग खांद्याला होती, हात कप्प्यावर. मागे दोघी मला न कळणाऱ्या त्या भाषेत काहीतरी बोलत होत्या. बोलत होत्या तोवर ठीक होतं. मध्येच एकदम गप्प झाल्या. मी गर्रकन वळलो. दोघी ग्लासाच्या तळाशी राहिलेला फेस बोटानं चाटत होत्या.